वहीतले अठरा श्वास

मला गोड बोलायला येत नाही आणि खोटं लिहायला तर त्याहून येत नाही. म्हणजे येत नव्हतं. लग्नाआधीपासून मी भांडुपच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. कोण कितीला आत आला, कोण कितीला बाहेर पडला, ते वहीत चढवायचं माझं काम. कामगार "दोनच मिनिटं झाली, बाई" म्हणून कितीही गयावया करोत, मी लाल शाईने दोन मिनिटं लिहायचीच. पहिल्या पगारात घेतलेलं मनगटी घड्याळ मी बोहल्यावरसुद्धा उतरवलं नव्हतं. त्याचा सेकंदकाटा लाल होता, आणि माझ्यासारखाच तो कुणासाठी थांबायचा नाही.

त्या घड्याळाने मला एकदा चांगलं तोंडघशी पाडलं. ती गोष्ट सांगते. खरं तर ती माझ्या सासूबाईंची, पार्वतीबाईंची गोष्ट आहे.

साल सदुसष्ट. आम्ही मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्याजवळ दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. मी, माझे यजमान विद्याधर आणि सासूबाई. तेव्हा मुलुंड पूर्व म्हणजे निम्मं गाव आणि निम्मं गवत. गच्चीवर उभं राहिलं की मिठागरं दिसायची, मिठाचे पांढरे ढीग उन्हात डोळे दिपवायचे. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की वाळलेले कपडे पुन्हा दमट व्हायचे आणि ओठांना खारट चव लागायची. आता तिथे एवढ्या इमारती झाल्यात की वाऱ्याला शिरायला फट नाही. मला त्या वाऱ्याची फार आठवण येते. सासूबाईंच्या छातीची वाट त्यानेच लावली असं डॉक्टर म्हणायचे, तरीही येते.

सासूबाई तोंडाच्या फटकळ आणि हाताच्या मऊ. आसपासच्या निदान चाळीस बाळांना त्यांनी न्हाऊ घातलं असेल. मोरीत पाटावर बसायच्या, पाय लांब करायच्या आणि नडग्यांवर मूल घ्यायच्या. कितीही रडवं पोर असो, त्यांचा तेलाचा हात फिरला की गप्प. माझी कूस मात्र रिकामीच राहिली होती. पहिलं चौथ्या महिन्यात गेलं. दुसरा मुलगा घरी झाला आणि आठ दिवसांचा होऊन गेला. ते आठ दिवस त्याला सासूबाईंनी न्हाऊ घातलं. तो गेल्यावर त्यांनी दुसऱ्या कुणाच्या मुलाला हात लावला नाही. बोलावणी यायची, तर दारातूनच सांगायच्या, "आता पुढचं न्हाऊ माझ्या जयंतीच्या बाळाला."

आणि मला तिसऱ्यांदा दिवस राहिले. जानेवारीची तारीख निघाली. नोकरी सोडायला लावली. माझी आई मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे बाळंतपणाला माहेर नव्हतं. जे काही होतं ते म्हणजे ही बाई.

नेमका त्याच वर्षी गणपतीनंतर त्यांचा दमा उसळला. डॉक्टर रेगे स्टेशनजवळच्या दवाखान्यातून सायकलवर आले, इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या. जाताना मला बाहेरच्या खोलीत घेऊन बसले.

"टाइम ऑफिसला होतात ना तुम्ही? मग हे काम तुमच्याच हातचं आहे. रोज एकदा नाडी आणि श्वास मोजून लिहायचं."

"श्वास काय, आत्ता मोजते," मी म्हणाले.

"तसा नाही मोजायचा. आपला श्वास कुणी मोजतंय हे माणसाला कळलं की तो बदलतो. कळू न देता मोजायचा. मनगट धरायचं, नाडी मोजायची, आणि नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही. त्यांना वाटू दे की नाडीच बघताय. नजर पदरावर ठेवायची. पदर वर गेला, खाली आला, की एक. अख्खं मिनिट."

मी मान डोलावली.

"आणि नुसता आकडा नको हं मला. एका दमात किती शब्द बोलतात ते बघा. गळ्याखालचा खळगा आत ओढला जातो का, खांदे उचलतात का, किती उशा लागतात, तेही लिहा. शांत बसलेल्या माणसाचे मिनिटाला पंधरा ते वीस श्वास असतात. पंचवीसच्या वर दिसले तर मला निरोप द्या. तीसच्या वर गेले तर इस्पितळ. त्यात घासाघीस नाही."

आतल्या खोलीत काहीतरी आपटलं. फुलपात्र असावं. सासूबाई ऐकत होत्या. माझे सासरे अठ्ठावन्न साली छातीच्या दुखण्यानेच इस्पितळात गेले होते. चालत गेले आणि खांद्यावरून आले. तेव्हापासून आमच्या घरात त्या इमारतीचं नाव कुणी काढत नसे.

मी जुन्या ऑफिसातली एक कोरी वही काढली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, नाडी, श्वास. खळगा आणि उशा यांना रकाना कुठे पाडायचा ते मला सुचेना, म्हणून तो पाडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मनगट धरायला गेले तर सासूबाईंनी हात झटकला. "नाडी कसली बघतेस? मेलेय का मी?"

"अहो आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरला सांग, मेले की निरोप धाडीन. तेव्हा ये म्हणावं नाडी बघायला."

चार दिवस असेच गेले. नाडीच्या रकान्यात मी "परवानगी नाही" असं लिहिलं. पण श्वास तर मोजायलाच हवा होता, आणि ही बाई एका जागी बसेल तर शपथ. छातीत शिट्टी वाजत असली तरी हे पूस, ते आवर, त्याला बोल, हिला बोल चालूच. मग माझ्या लक्षात आलं की दिवसातून एकदाच त्या शांत बसतात. दिवेलागण झाली की देवासमोर पाटावर, डोळे मिटून, गोमुखीच्या पिशवीत हात घालून माळ ओढत जप करतात. अर्धा तास हलत नाहीत. डोळे मिटलेले, म्हणजे मी मोजतेय हे कळायचंही नाही. डॉक्टरांची अट आपोआप पुरी होत होती.

मी माझ्यावरच खूश झाले. समोर ताटात तांदूळ घेऊन निवडायला बसायचं, आणि संधी साधून एक मिनिट घड्याळ आणि पदर, पदर आणि घड्याळ. पहिल्याच दिवशी अठरा. विद्याधर घरी आल्या आल्या मी त्यांच्या नाकासमोर वही नाचवली. "बघा, अठरा. उगाच घाबरवत होते डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी बावीस निघाले, मग एकोणीस, एकवीस. पंधरा दिवसांनी मात्र गाडी रुळावर आली. अठरा, अठरा, सतरा, अठरा. दर शनिवारी मी वही घेऊन दवाखान्यात जायची. डॉक्टर पान उलटायचे आणि म्हणायचे, "सुरेख." मध्ये एकदा ते घरी येऊन गेले, तेव्हाही सासूबाई गोमुखीत हात घालून बसल्या होत्या. डॉक्टरांनी छाती तपासली. शिट्टी आहे, पण श्वास शांत आहे, म्हणाले, आणि त्याच गोळ्या पुढे चालू ठेवल्या. दसरा झाला, दिवाळी झाली. रात्री निजताना मी ती वही उशाशी ठेवायची. अठरा बघितलं की झोप यायची, कारण जानेवारीपर्यंत ही बाई मला हवी होती. सासू म्हणून हवी होती की आई म्हणून, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

डिसेंबर लागला आणि गारठा पडला. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी सखुबाई आमच्याकडे दहा वर्षं येत होती. तिचं आणि सासूबाईंचं भांडण म्हणजे सगळ्या जिन्याची करमणूक. पाटी उतरवली की सासूबाई मासा नाकाला लावायच्या आणि सुरू व्हायच्या. सखुबाईही काही कमी नव्हती. दोघी एकमेकींची सात पिढ्यांची उणीदुणी काढायच्या आणि शेवटी एकत्र चहा प्यायच्या.

त्या दिवशी सासूबाई दारात बसून म्हणाल्या, "हे बोंबील..." मग थांबल्या. "कालचे..." परत थांबल्या. "आहेत."

सखुबाईने उलट उत्तर दिलं नाही. मुकाट्याने दुसरा वाटा लावला, पाटी डोक्यावर घेतली आणि मला खुणेने जिन्यात बोलावलं.

"सूनबाय, सासूला कोनाला तरी दाखव."

"डॉक्टर चालू आहेत. मी रोज श्वास मोजते. अठरा आहेत."

"तुज्या अठराचं मला काय म्हाईत नाय. दहा वरसं मी हिच्याशी भांडतेय. एका दमात माजा बापूस काढायची. आज चार शबूद बोलताना दोनदा थांबली." असं म्हणून ती उतरून गेली.

मला राग आला. म्हणजे आता पाटीवालीने मला शिकवायचं. मी टाइम ऑफिसला सहा वर्षं काढलेली बाई. तणतणतच वर आले. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या होत्या. आडव्या म्हणजे काय, तीन उशांवर टेकून बसल्यासारख्याच. एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन उशा कधी झाल्या ते मी पाहिलं होतं, उशीचे अभ्रे मीच तर धुवायची, पण वहीत रकाना नव्हता. डोळा लागला होता त्यांचा. मी सहज घड्याळ वर केलं.

चौतीस.

पुन्हा मोजले. चौतीस. घड्याळ कानाला लावलं, चालू होतं. रेडिओवर वेळ सांगतात तिच्याशी ताडून पाहिलं, बरोबर होतं. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. आता दिसला, तो इतके दिवसही तसाच जात असणार. संध्याकाळी त्या जपाला बसल्या. मी ताट घेऊन समोर बसले आणि मोजले.

अठरा.

बाई तीच, घड्याळ तेच. वही उघडली आणि श्वासाच्या रकान्यावर पेन टेकवून बसून राहिले. चौतीस लिहिलं तर इस्पितळ. सासरे गेले तशा त्या गेल्या तर? बाळंतपण पाच आठवड्यांवर होतं, आणि आठ दिवसांच्या माझ्या मुलाला ज्या हातांनी पाणी घातलं होतं ते हात या वेळी घरात नसतील, या विचाराने मला रडू आलं. अठरा लिहिलं तर काय होईल तेही मला कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक ओळ कोरी सोडली.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसले होते. सगळं सांगितलं. डॉक्टरांनी वही पाहिली, सगळी पानं मागे उलटली.

"तुम्ही रोज मोजता किती वाजता?"

"दिवेलागणीला. त्या जपाला बसतात तेव्हा."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जप करताना?"

"एका जागी बसतात म्हणून."

"जयंतीबाई, जप करायला बसलं की श्वास माळेच्या मागे चालतो. तीन महिने तुम्ही त्यांचा श्वास मोजलाच नाहीत. माळ मोजलीत." मग स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, "आणि मी वेळेचा रकाना दर शनिवारी बघत होतो. त्या वेळी तुमच्या घरात काय चालतं, हे विचारायची अक्कल मला नाही."

ते तसेच सायकल काढून घरी आले. विद्याधर कामाला निघाले होते, ते थांबले. सासूबाईंनी डॉक्टरांना पाहिलं आणि हात गोमुखीकडे गेला.

"माळ राहू द्या, मावशी. आज मनगट द्या."

आश्चर्य म्हणजे त्यांनी दिलं. डॉक्टर खुर्चीवर बसले आणि मनगट धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. सासूबाईंचा पदर संथ वर जात होता, संथ खाली येत होता. ओठ हलत होते. एक मिनिट झालं. डॉक्टरांनी हात सोडला नाही. दोन मिनिटं झाली. सासूबाईंच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताणल्या. डॉक्टर कॅलेंडरच बघत होते. तिसऱ्या मिनिटाला बांध फुटला. त्या धापा टाकायला लागल्या, खोकल्या, पाटावर हात आपटत मला पाणी मागायला लागल्या.

डॉक्टरांनी आता पदराकडे बघून मिनिटभर मोजलं. "छत्तीस," ते म्हणाले.

दम जरा बसल्यावर त्या माझ्याकडे बघेनात. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं मी मोजते ते?"

"तू तांदूळ निवडायला बसलीस..." त्या थांबल्या. "की ताट वाजायचं. मोजायला लागलीस की... वाजायचं बंद व्हायचं. एवढं कळायला काय..." पुन्हा थांबल्या. "टाइम ऑफिसात जायला लागतं?"

"मग?"

"मग मी माळ सावकाश ओढायचे. एका मण्याला एक श्वास. अठरा बसवायला... पंधरा दिवस लागले मला."

"पण अठराच का?"

"पहिल्या दिवशी अठरा निघाले तेव्हा... तू विद्याधरला सांगत होतीस. तेव्हाचं तुझं तोंड बघायला हवं होतंस. दोन पोरं गेल्यापासून... तुला असं हसताना मी बघितलं नव्हतं."

मला इतका संताप आला की विचारू नका. रडू येत होतं म्हणून जास्तच आला. डॉक्टरांसमोर, नवऱ्यासमोर, नवव्या महिन्याला लागलेलं पोट घेऊन मी त्यांच्यावर ओरडले. "माझ्या हसण्यासाठी जीव द्यायला निघालात? आणि मेलात म्हणजे माझ्या बाळाला न्हाऊ कोण घालणार होतं?"

"म्हणूनच इस्पितळात जायचं नाही मला. तिथे मेले तर?"

विद्याधर आईच्या पायाशी खाली बसले आणि तिची पावलं चेपायला लागले, त्यांना बोलता येत नाही अशा वेळी. डॉक्टर म्हणाले, आता गेल्या तर उपाय आहे, आठ दिवसांनी मी काही सांगू शकणार नाही. सासूबाईंनी मान फिरवली. त्यांना समजावून काही होणार नाही हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. त्यांना फक्त लाज घालता यायची.

मी डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. पण ऐकून ठेवा. तुम्ही बऱ्या होऊन पाटावर बसेपर्यंत माझ्या बाळाला अंघोळ नाही. कुणाला हात लावू देणार नाही मी. महिना झाला तरी पारोसं राहील. सगळ्या मुलुंडला कळू दे, पार्वतीबाईंचं नातवंड पारोसं आहे."

मी बोलले ते करते हे त्यांनाही ठाऊक होतं.

"तान्ह्या पोराला पारोसं ठेवशील? पाप लागेल मेले."

"लागू दे. तुमच्या माथी."

मग विद्याधरच्या डोक्यावर टपली मारून म्हणाल्या, "पाय काय चेपतोस? टॅक्सी बघ."

इस्पितळात त्यांना सहा आठवडे ठेवलं. पहिला आठवडा वाईट गेला, मग औषधं लागू पडली. मी दोनतीनदा जाऊन आले. तिथली नर्स मनगट धरून बसली होती, तर सासूबाई मला म्हणाल्या, "ही तुझ्यापेक्षा हुशार. हिच्या हातात ताट नाही, मोजते कधी ते कळतच नाही." श्वास चोवीसवर आला होता. तो खरा चोवीस होता, आणि त्या खोट्या अठरापेक्षा मला फार आवडला.

मुलगी झाली ती आठ जानेवारीला, प्रसूतिगृहात. नाव पुढे मृणालिनी ठेवलं. सहाव्या दिवशी घरी आले. सासूबाई अजून इस्पितळात होत्या. शेजारणी तेल-पीठ घेऊन आल्या, मी परत पाठवल्या. ओल्या फडक्याने पोरीला पुसून घ्यायची, बस. जिन्यात माझ्या नावाने बरंच काही बोललं गेलं. सखुबाईसुद्धा म्हणाली, "येडी की काय गो तू." मनातून मी घाबरलेलीच होते. अकराव्या दिवशी खाली टॅक्सीचं दार वाजलं.

दोन जिने चढायला त्यांना बराच वेळ लागला. प्रत्येक वळणावर थांबल्या. मी वरून मोजत होते. घरात आल्या, पाणीसुद्धा न पिता हातपाय धुतले, आणि मोरीत पाट टाकून पाय लांब केले. "आण इकडे."

मी पोरीला त्यांच्या नडग्यांवर ठेवलं. धुरी द्यायची नाही, निखाऱ्याजवळ फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते त्यांनी पाळलं. धुरीपुरती मी पोरीला घेऊन बाहेरच्या खोलीत जायची असं ठरलं होतं. पण न्हाऊ त्यांचं. तेलाचा हात पाठीवरून फिरला, डाळीचं पीठ लागलं, कोमट पाण्याची धार पडली. मृणालिनी दोन मिनिटं कोकलली आणि मग गप्प होऊन आजीकडे बघत राहिली. मी दारात उभी राहून रडत होते, आणि सवयीने घड्याळही बघत होते. पोरीचं पोट वरखाली होत होतं. मोजले.

"आई, सेहेचाळीस. अहो हिला सेहेचाळीस श्वास लागतायत."

त्या हसायला लागल्या, हसता हसता खोकल्या. "अगं वेडे, तान्ह्या पोराचे एवढेच असतात. आणखी मोठी होऊ दे, येतील खाली." मग पोरीच्या पोटावर तळहात ठेवून जरा वेळ तशाच बसल्या. "आधीच्या बाळाचा श्वास मंद होता गं. पहिल्या न्हाऊलाच माझ्या हाताला कळलं होतं. पण तुला सांगायचा धीर झाला नाही. तेव्हापासून कुणाच्या पोराला हात लावायची मला भीतीच बसली." तळहात त्यांनी तसाच ठेवला होता. "हिचा बघ कसा पळतोय."

ते ऐकून मी तिथेच उंबऱ्यावर बसले. इतकी वर्षं त्या हे एकट्याच वागवत होत्या. मी टॉवेल पुढे केला.

त्यानंतर साडेसात वर्षं त्या होत्या. रोज सकाळी स्वतःहून मनगट पुढे करायच्या. "घे. मेलेय का बघ." मी नाडी मोजायची, मग हात न सोडता श्वास मोजायची. आम्हा दोघींना ते ठाऊक होतं आणि दोघीही ठाऊक नसल्यासारखं करायचो. वहीत आता उशांचा रकाना होता, खळग्याचा होता, आणि एका दमात किती शब्द याचा होता. शेवटच्या रकान्याच्या तपासणीला सखुबाई यायची. सासूबाईंनी एका दमात तिचा बापूस काढला की ती वर बघून मला सांगायची, "आज बरी हाय म्हातारी. लिव." सात-आठ वह्या भरल्या. हल्ली त्या चाळल्या की आकड्यांआडून ते घर वर येतं. बातम्यांच्या वेळचा रेडिओ, मोरीतल्या शिकेकाईचा वास, खाडीचा वारा. रडणाऱ्या मृणालिनीला न्हाऊ घालतानाच्या त्यांच्या प्रेमळ शिव्या. तेव्हा वाटायचं हे रोजचंच आहे.

पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात दुखणं पुन्हा उलटलं. या वेळी डॉक्टर रेग्यांनी इस्पितळाचं नाव काढलं नाही, आणि मला बाहेरच्या खोलीत घेऊन बसले तेव्हाच मी समजले. दुपारची वेळ होती. मृणालिनी शाळेत होती, विद्याधर तिला आणायला गेले होते. सासूबाई उशांना टेकून होत्या. किती उशा होत्या ते मी त्या दिवशी मोजलं नाही. त्यांनी मनगट पुढे केलं. घे म्हणण्याइतका दम नव्हता.

मी नाडी मोजली. मग पदराकडे बघून अख्खं मिनिट श्वास मोजला. बेचाळीस होते.

त्यांनी डोळे उघडले. "किती?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"अठरा," मी म्हणाले.

त्या बघत राहिल्या. ओठांच्या कडा जराशा हलल्या. "खोटं..." मग बराच वेळ गेला. "बोलायला शिकलीस."

नाडी मोजून झाली तरी मी हात सोडला नाही. विद्याधर आणि मृणालिनी आले तेव्हाही तो माझ्याच हातात होता, पदर मात्र हलायचा थांबला होता. संध्याकाळी वही उघडून मी त्या दिवसाच्या रकान्यात लाल शाईने अठरा लिहिलं. आधीचे सगळे अठरा त्यांनी माझ्यासाठी बसवलेले होते. हा एक मी त्यांच्यासाठी लिहिला.